कामगारांच्या वतीने कोण?

२३ मे १९२८ रोजी मुंबईत 'गिरणी कामगार युनियन' नोंदवली गेली, तेव्हा गिरण्या बंद पडून महिना होत आला होता. आधी संप आणि मग युनियन, असा हा उलटा क्रम. पुढे 'लाल बावटा' याच नावाने गिरणगावाने तिला ओळखले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात तिचे सभासद ५४ हजारांवर गेले. हिंदुस्थानात तोवर एवढी मोठी युनियन झाली नव्हती.

कामगार चळवळीचा इतिहास आपल्याकडे बहुधा पगार, बोनस, भत्ता आणि हुतात्मे या चौकटीत लिहिला जातो. तो खोटा नाही. पण गिरणगावाच्या शंभर वर्षांत एक भांडण पगाराच्या भांडणाहून जुने आहे आणि ते कधी मिटलेच नाही: मालकासमोर बसून कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा? १९२८ चा संप हा त्या प्रश्नाला कामगारांनी स्वतः दिलेल्या उत्तराचा काळ होता. ते उत्तर फार दिवस टिकू दिले गेले नाही.

वतीने बोलणारा पहिला माणूस होता जॉबर. कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी इथे भोंगे वाजू लागले, तेव्हा एवढी माणसे आणायची कुठून आणि सांभाळायची कशी, हे मालकांना ठाऊक नव्हते. ते काम जॉबरकडे गेले. रत्नागिरीचा जॉबर आपल्या तालुक्यातली पोरे भरायचा, साताऱ्याचा आपली. नोकरी लावताना दस्तुरी घ्यायचा, अडीनडीला व्याजाने पैसे द्यायचा, गाळ्यात झोपायला जागा बघून द्यायचा. कामावर उशीर झाला तर वाचवणारा तोच आणि मनातून उतरलात तर बदलीवाल्याला तुमच्या जागी उभा करणाराही तोच. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. साहेबाशी बोलायचे तर जॉबरमार्फत, असा रिवाज होता. जॉबर पिळवणूक करी हे खरे, पण गावाकडच्या माणसाला शहरात त्याच्यावाचून दुसरा आधार नव्हता हेही खरे. पुढे युनियनला मालकाच्या आधी याच माणसाची जागा घ्यायची होती.

जॉबरला वगळून गिरणी कामगारांच्या वतीने उघडपणे बोलणारा पहिला माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, १८४८ चा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर, आणि १८८० पासून 'दीनबंधु'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखमी झाल्यास भरपाई. सुटीची मागणी पदरात पडायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार माणसे जमली, तिथे दोन कामगार बायकांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

तरीही लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'वर त्या काळच्या सरकारी अहवालाने बोट ठेवले: संस्थेकडे सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत; लोखंडे स्वेच्छेने सल्ला देतात, एवढेच. हा शेरा खवचट असला तरी चुकीचा नव्हता. लोखंड्यांच्या मागे कामगार होते, पण त्यांना बांधून ठेवणारी व्यवस्था नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची शुश्रूषा करताना लोखंडे गेले आणि त्यांच्याबरोबर संस्थाही गेली.

याचा अर्थ कामगार गप्प होते असा नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कोणत्याही युनियनशिवाय गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. लेनिनने त्या घटनेची लेखात दखल घेतली, हे आपल्याकडे नेहमी अभिमानाने सांगितले जाते. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की असा संप उभा करणारी यंत्रणा आधीपासून होती: चाळ, खानावळ, गणेशोत्सवाचा मेळा, तालमीतली पोरे, गावकीचे मंडळ. युनियनची इमारत पुढे याच पायावर उठली.

पहिल्या महायुद्धानंतर महागाईने कळस गाठला आणि १९१९ पासून संपांची रांग लागली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत एम्पायर थिएटरमध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आयटकची, स्थापना झाली, अध्यक्ष लाला लजपतराय. त्याच सुमारास मद्रासमध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल्सच्या मालकांनी बी. पी. वाडियांवर दावा लावला आणि कोर्टाने कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला. म्हणजे संघटना बांधणे हाच कायद्याने अपराध ठरू शकत होता. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय लावून धरला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. तो नीट वाचायला हवा. युनियनला नोंदणी करता येईल, पुढाऱ्यांवर फौजदारी कटाचा आळ येणार नाही, हे त्यात होते. नोंदलेल्या युनियनशी मालकाने बोललेच पाहिजे, हे मात्र त्यात नव्हते. हाक मारायची मुभा मिळाली, ओ देण्याची सक्ती झाली नाही.

याच जोश्यांनी जानेवारी १९२६ मध्ये 'बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन' काढली. जोशी हे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे, नेमस्त वळणाचे, हिशेबाला चोख. परळच्या सोशल सर्व्हिस लीगच्या शाळा, वाचनालये, दवाखाने हे त्यांचे काम. संप हे शेवटचे हत्यार असे ते मानत, आणि कामगारांनी ते वारंवार उपसावे हे त्यांना पसंत नव्हते. दुसऱ्या बाजूला १९२३ पासून 'गिरणी कामगार महामंडळ' होते. ते अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारख्या खुद्द कामगारांनी चालवलेले. आळवे शिकलेले पुढारी नव्हते; मागावर उभे राहिलेले होते. १९२८ मध्ये आळवे आणि श्रीपाद अमृत डांगे यांची जोडी जमली ती याच वाटेने. डांगे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, कानपूर खटल्यात तुरुंगवास भोगून आलेले. त्यांच्याबरोबर जोगळेकर, निंबकर, मिरजकर, आणि इंग्लंडहून आलेला बेन ब्रॅडली. कॉलेजात शिकलेली ब्राह्मण पोरे आणि गिरणीतले मराठे कामगार असा तो मेळ होता. त्यात कुरबुरी होत्या आणि पुढे त्या वाढल्याही, पण त्या सहा महिन्यांपुरता तो चालला.

संपाचे कारण होते काटकसर, म्हणजे त्या काळच्या भाषेत 'रॅशनलायझेशन'. जपानी कापड स्वस्त येत होते, मुंबईच्या गिरण्यांचा नफा घसरला होता. उपाय म्हणून दोन माग चालवणाऱ्या विणकराला तीन माग, आणि सूतकताईत एका बाजूवर काम करणाऱ्याला दोन बाजू, असा बेत झाला. सासून समूहाच्या काही गिरण्यांत जानेवारी १९२८ पासूनच तो सुरू झाला. पगार थोडा वाढेल असे सांगितले जाई, पण तीन मागांवर एक माणूस म्हणजे दर तीन विणकरांत एक घरी, हे गणित कोणालाही येत होते. मालक सरसकट वाईट होते म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही; धंद्याची कोंडी खरी होती. पण कोंडी फोडायची ती कामगाराच्या जिवावर, आणि त्याला न विचारता, हा मुंबईचा जुना शिरस्ता होता.

मार्च-एप्रिलमध्ये एकेक गिरणी बाहेर पडू लागली. २३ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात परशुराम जाधव हा कामगार मारला गेला, आणि २६ तारखेपर्यंत संप शहरभर झाला. दीड लाख माणसे बाहेर. जोशी आधी विरोधात होते. पण दीड लाख माणूस बाहेर आल्यावर विरोधाला अर्थ उरला नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंची मिळून संयुक्त संप समिती बनली आणि सतरा मागण्यांची यादी तयार झाली.

एप्रिलअखेर संप व्हावा, हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही. कोकणी माणूस मे महिन्यात तसाही घराकडे जातो. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद पडत, म्हणून जायचे ते त्याआधी. हजारो कुटुंबे बोटीने आणि घाटावरची आगगाडीने गावी गेली. तिथे नांगरणी होती, लावणी होती, निदान नाचणीची भाकरी होती. मुंबईत राहणाऱ्यांना वाण्याने उधारी दिली, खानावळवालीने वही लांबवली, घरवाल्याने भाडे थकवू दिले. संप समितीने धान्य वाटले, आणि त्यासाठी रशियातल्या कामगार संघटनांकडूनही पैसे आले. त्या पैशावरून सरकारचे डोळे जेवढे विस्फारले तेवढे उपाशी माणसांवरून कधी विस्फारले नाहीत. पण संप चालला तो मुख्यतः गावच्या भातावर आणि शहरातल्या उधारीवर. युनियनच्या फंडातून दीड लाख माणसे सहा महिने पोसणे कोणालाही शक्य नव्हते.

रोजच्या सभा होत, त्यांतल्या मोठ्या प्रभादेवीच्या नागू सयाजीच्या वाडीत. युनियनचे 'क्रांती' हे साप्ताहिक लोक चाळीच्या जिन्यावर मोठ्याने वाचत. ज्याला वाचता येई तो वाचे, बाकीचे ऐकत. बायका पुढे असत. गिरणीच्या गेटवर फितुरांना अडवण्याचे काम त्यांनी पुरुषांपेक्षा निकराने केले, आणि याच काळात घडलेल्या उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांची नावे गिरणगावाने लक्षात ठेवली.

आता या संपातली एक गोष्ट, जी कौतुकाच्या लेखांतून बहुधा गाळली जाते.

विणाईखात्यात धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा. बाण्याच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ते ओढून घ्यायचा. दिवसातून कितीतरी वेळा. म्हणजे एकाच्या थुंकीचा धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडी. या कारणावरून सवर्ण आणि मुसलमान विणकर अस्पृश्य कामगाराला मागावर उभे राहू देत नसत. विणाईखात्यात पगार सर्वांत चांगला, आणि नेमके तेच खाते बंद. अस्पृश्यांच्या वाट्याला कताईखाते, तेही खालच्या कामाचे. संयुक्त संप समितीच्या मागण्यांत याविषयी आधी अवाक्षर नव्हते. चरित्रकार धनंजय कीरांनी नोंदवले आहे की डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावले: सर्व खाती अस्पृश्यांना खुली व्हावीत ही मागणी घाला, नाहीतर आमचे लोक संपातून बाहेर पडतील. मागणी घातली गेली, पण नाखुशीने. मालकांना ती दिली तेव्हा ते म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. आणि हे खरे होते! मागाजवळ जाण्यापासून ज्याने अडवले तो मालक नव्हता, शेजारचा कामगार होता. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या चळवळीला मालकाने असे निरुत्तर करावे, याची लाज पुढच्या पिढीतल्या कित्येक कम्युनिस्टांना वाटली. तेव्हाच्या पुढाऱ्यांना ती फारशी वाटल्याचे दिसत नाही. 'कामगारांच्या वतीने' या शब्दांत सगळे कामगार येत नव्हते, हे आंबेडकरांनी १९२८ मध्येच सांगून ठेवले होते.

संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुटला. ४ तारखेला समझोता झाला आणि ६ तारखेला भोंगे वाजले. २ कोटी २० लाखांच्या आसपास कामाचे दिवस वाया गेले होते. समझोता असा की १९२७ चे दर सध्या चालू राहतील आणि न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती सगळ्या वादाची चौकशी करील. जिंकले कोण म्हणावे? जुने दर टिकले एवढे पदरात पडले. पण खरी कमाई दुसरी होती. गिरण्यांत परतलेल्या कामगारांनी प्रत्येक गिरणीत आपली कमिटी उभी केली.

गिरणी कमिटी म्हणजे त्या त्या गिरणीतल्या खात्याखात्यातून निवडलेले कामगार. वर्गणी ते गोळा करत. कोणाला काढले, कोणाचा दंड कापला, कोणत्या खात्यात सूत खराब येते आणि त्यामुळे विणकराचा पगार बुडतो, हे त्यांना त्याच दिवशी कळे. आणि ते थेट खात्याच्या साहेबाकडे जात. जॉबरच्या मध्यस्थीची गरज संपली. काही ठिकाणी जॉबरच कमिटीपुढे तक्रारीचा जबाब द्यायला उभा राहू लागला. युनियनच्या कचेरीतला पुढारी चुकला तर त्यालाही कमिटी जाब विचारी. सभासदांची यादी, फंड, नियम, ज्यांच्या अभावी लोखंड्यांच्या संस्थेला सरकारने नावे ठेवली होती, ते सगळे आता होते. तेव्हा मालकांचे म्हणणे बदलले. गिरणीच्या आवारात युनियनचा अधिकार आम्ही मानणार नाही, असे ते म्हणू लागले.

१९२९ चा पहिला भाग भराभर बिघडत गेला. तेल कंपन्यांच्या संपात कामावर आणलेल्या पठाणांवरून फेब्रुवारीत दंगली पेटल्या आणि पाहता पाहता त्यांना हिंदू-मुसलमान रंग आला. २० मार्चला पहाटे देशभर छापे पडले. डांगे, जोगळेकर, मिरजकर, निंबकर, ब्रॅडली, आळवे, कासले. मुंबईच्या युनियनचे जवळजवळ सगळे डोके एका दिवसात मेरठच्या तुरुंगात गेले. खटला मेरठला चालवायचे कारण असे की तिथे ज्यूरी नव्हती. मुंबईच्या ज्यूरीचा भरवसा सरकारला वाटत नव्हता. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. अपिलात शिक्षा पुष्कळ कमी झाल्या, पण चार वर्षे गेली ती गेलीच.

मागे राहिलेल्यांनी एप्रिल १९२९ मध्ये दुसरा सार्वत्रिक संप पुकारला. वाडियांच्या गिरण्यांतून काढलेल्या कामगारांना परत घ्या आणि गिरणी कमिट्यांना मान्यता द्या, हे त्यातले मुख्य मुद्दे. वेळ चुकली होती. सहा महिन्यांचे कर्ज अजून फिटले नव्हते, वाण्याची वही भरलेली होती, शहर दंगलीने दुभंगले होते आणि जाणते पुढारी आत होते. सप्टेंबरपर्यंत संप विरला. चौकशी अदालतीने दोष युनियनवर टाकला. गिरणी कमिट्यांच्या कामगारांना निवडून निवडून काढले गेले, आणि मुकाट्याने जॉबर आपल्या जागी परत आला.

यापुढचा इतिहास कायद्यांचा आहे, आणि तो रुक्ष वाटला तरी गिरणगावाचे नशीब त्यातच लिहिले गेले. १९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई सरकारने कायदा करून 'लेबर ऑफिसर' नेमला: कामगारांच्या तक्रारी त्यांच्या वतीने मालकापुढे मांडणारा सरकारी माणूस. युनियनवाल्यांच्या जागी सरकारी पगाराचा प्रतिनिधी बसवायचा, ही कल्पना चतुर होती. १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांचे बिल आणले. संपाआधी समेटाची लांबलचक पायरी सक्तीची आणि ती चुकली की संप बेकायदा, असा त्याचा गाभा. काँग्रेसच्या या बिलाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. ज्या दोघांचे धोट्यावरून वाजले होते ते ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगार मैदानावर एका व्यासपीठावर होते. कायदेमंडळात आंबेडकर म्हणाले, त्याचा आशय असा की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव. बिल तरीही मंजूर झाले.

मग आला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. गुलझारीलाल नंदा तेव्हा मजूरमंत्री. एका भागातल्या एका धंद्यात एकच 'प्रातिनिधिक' युनियन, आणि ती ठरवायची सभासदसंख्येवरून. ठरावीक टक्के सभासद दाखवले की पुरे. गुप्त मतदान नाही. एकदा हा दर्जा मिळाला की करार तिनेच करायचा, तो सर्वांना लागू, आणि बाकीच्या युनियनला त्यात बोलायला जागा नाही. अहमदाबादच्या मजूर महाजनाच्या, गांधींच्या विचारांवर चालणाऱ्या युनियनच्या, अनुभवातून ही रचना सुचली होती. एकच मजबूत युनियन असावी, रोजची भांडणे नसावीत, हा त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण मुंबईत ती जागा मिळाली काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि गेटवर ज्याच्या सभेला माणसे जमत तो आणि कराराच्या कागदावर ज्याची सही चाले तो, अशी दोन वेगळी माणसे कायद्याने तयार झाली.

याचा पहिला पडताळा १९५० मध्ये आला. समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी केलेला संप दोन महिने चालला, लाखो कामगार त्यात होते, आणि हाती काही लागले नाही. मान्यता नव्हती, म्हणून बोलणी नव्हती. लाल बावट्याची गत तीच. गिरणी कामगार संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे होता. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर यांच्या डफाने तो रस्त्यावर उतरला, आणि त्या लढ्यातल्या हुतात्म्यांत त्याचा वाटा मोठा होता. राज्य मिळवून देणारा कामगार गिरणीत मात्र आपली युनियन निवडू शकत नव्हता. ५ जून १९७० ला लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली, आणि गिरणगावातल्या लाल बावट्याचा कणाच मोडला. परळच्या मजदूर मंझिलमधला संघ होता तिथेच होता.

१९८१ च्या दिवाळीत स्टॅनरोज मिलचे कामगार बोनसच्या प्रश्नावर घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसले, त्याच्या मागे हा पस्तीस वर्षांचा राग आहे. सामंत गिरणीतले नव्हते. ते डॉक्टर, पंतनगरला दवाखाना चालवताना खाणकामगारांच्या प्रश्नांत पडले आणि मग इंजिनिअरिंगच्या कारखान्यांत मोठमोठ्या पगारवाढी घेऊन दाखवल्या. ताळेबंद बघायचे नाहीत, मागायचे आणि मिळेपर्यंत सोडायचे नाही, अशी त्यांची ख्याती. गिरण्यांची हालत आपल्या नेहमीच्या कारखान्यांसारखी नाही हे त्यांना दिसत होते, असे त्यांच्या जवळचे लोक सांगतात. पण माणसे दारातून हटेनात.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. मागण्यांत पगारवाढ होती, बदलीवाल्यांना कायम करणे होते, आणि १९४६ चा कायदा रद्द करून संघाची मान्यता काढा हेही होते. या शेवटच्या मागणीवर दिल्ली आणि मुंबई दोन्ही सरकारे हटून बसली. सामंतांशी बोलायचे म्हणजे मान्यता नसलेल्याशी बोलायचे. आज गिरण्यांत ते चालले तर उद्या गोदी, परवा बँका, हा धाक होता. मालकांनाही घाई नव्हती. गोदामे मालाने भरलेली होती, कापड भिवंडीच्या यंत्रमागावर स्वस्तात विणून मिळत होते, आणि गिरणीखालच्या जमिनीचा भाव त्यांना कळू लागला होता. १९२८ प्रमाणेच माणसे गावी गेली, वाण्याने उधारी दिली. खानावळवाल्या बायकांच्या पदरमोडीला तर सीमा नव्हती. पण १९२८ मध्ये समोर असा मालक होता ज्याला गिरणी चालवायची होती. १९८२ मध्ये तसा मालक मोजकाच उरला होता. सामंतांच्या हट्टावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यात तथ्य आहे. संप कुठे थांबवायचा हे ठरवणारी, खात्याखात्यातून निवडून आलेली कमिटी आता नव्हती. सगळे एका माणसावर येऊन थांबले होते.

संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, बाकीच्या अर्ध्या-मुर्ध्या चालू झाल्या, आणि लाखभर कामगार परत आत गेलेच नाहीत. १९८४ च्या काँग्रेस लाटेत गिरणगावाने सामंतांना लोकसभेत पाठवले. मतपेटीत त्याला आपला माणूस निवडता येत होता, गिरणीत नाही. १६ जानेवारी १९९७ ला पवईत सामंतांवर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली, आणि त्या करारांवर कामगारांच्या वतीने सही करायला कायद्याने एकच पात्र होता: राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांची घरे, थकबाकी, जमिनीतला वाटा यांसाठी जी माणसे रस्त्यावर उतरली ती दुसरीच. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. उपोषणे, मोर्चे, कोर्टकचेऱ्या यांत वीस-बावीस वर्षे गेली. मधल्या काळात २००१ मध्ये नियमात बदल होऊन घरांसाठी द्यायची जमीन फक्त मोकळ्या जागेपुरती मोजली जाऊ लागली आणि वाटा आटला. घरासाठी पात्र ठरायचे तर १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असायला हवे. पुरावा म्हणून तिकीट नंबर, लाल पास, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, यांपैकी काहीतरी. गावी पत्र्याच्या पेटीत ठेवलेले हे कागद शोधून दीड लाखाच्या घरात अर्ज आले, त्यांत बरेचसे विधवांचे आणि वारसांचे. म्हाडाने २८ जून २०१२ ला पहिली सोडत काढली. घरे होती ६,९२५, आणि किंमत साडेसात लाख रुपये.